सर्वांस औषधोपचार : सरकारी विम्याचा पैसा कोठें व कसा वांटावा?

शेतकऱ्याच्या घरचा जमाखर्च मांडूं गेल्यास त्यांत दोन रकमा अशा आढळतात कीं, ज्यांची तारीख आधीं कोणासही सांगतां येत नाहीं. एक अवर्षणाची व दुसरी आजाराची. बीं-बियाणें, खत, मजुरी, मुलीचें लग्न, मुलाचें शिक्षण यांची थोडीफार बेगमी करून ठेवितां येते. परंतु घरचा कर्ता पुरुष फवारणी करतांना भोवळ येऊन पडला, अथवा घरच्या लक्ष्मीच्या पोटांत गांठ निघाली, म्हणजे जो खर्च उभा राहतो तो हंगाम पाहून राहत नाहीं. अशा वेळीं बैलजोडी बाजारांत जाते किंवा जमिनीचा तुकडा दुसऱ्याच्या नांवें होतो. महसूल खात्याच्या दप्तरांत आमच्या आयुष्याचीं बहुतेक वर्षें गेलीं. फेरफाराच्या वहींत ‘खरेदीखत’ या एका शब्दाखालीं किती आजार निजलेले असतात, हें आम्ही जवळून पाहिलें आहे.

या दुसऱ्या रकमेचा भार सर्वांनीं मिळून, म्हणजे सरकारी खजिन्यांतून, उचलावा या तत्त्वास आज फारसा कोणी विरोध करीत नाहीं. वाद उरला आहे तो निराळा. पैसा मोजका आहे व आजार अगणित आहेत. तेव्हां तो पैसा कोणत्या आजारावर, कोणत्या गांवीं व कोणाच्या हातून खर्चावा? हा प्रश्न मुंबईच्या मंत्रालयांतील आहे असें समजून आमच्या वाचकांनीं पान उलटूं नये. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा या आठही तालुक्यांतील प्रत्येक उंबऱ्याशीं त्याचा संबंध आहे.

योजनेची वाटचाल

प्रथम या योजनेची हकीकत थोडक्यांत सांगणें इष्ट होय. महाराष्ट्र राज्यानें १९९७ सालीं ‘जीवनदायी आरोग्य योजना’ काढली. ती दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या कांहीं मोठ्या आजारांपुरतीच होती. तिच्या जागीं २ जुलै २०१२ रोजीं ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ आठ जिल्ह्यांत सुरू झाली, व २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती सर्व राज्यांत, अर्थात् आमच्या जिल्ह्यांतही, लागू झाली. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबास दर सालीं दीड लाख रुपयांपर्यंत, व मूत्रपिंड बदलावयाचें असल्यास अडीच लाखांपर्यंत, उपचार ठराविक रुग्णालयांत रोख पैसा न भरतां मिळूं लागले. पुढें शेतीच्या दुरवस्थेनें गांजलेल्या चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांसही तींत घेण्यांत आलें. त्या चौदा जिल्ह्यांत जालना होता. सातबाऱ्यावर नांव असल्याचा पुरावा त्यासाठीं लागे, व तलाठ्याच्या दारीं रुग्णांचे नातेवाईक येऊं लागले. २०१७ सालीं योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचें नांव देण्यांत आलें.

इकडे केंद्र सरकारनें २३ सप्टेंबर २०१८ रोजीं ‘आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना’ सुरू केली. तिची मर्यादा दर कुटुंबास दर सालीं पांच लाख रुपये, आणि खर्चाचा वांटा केंद्राचा शेंकडा ६० व राज्याचा ४० असा ठरला. १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना महाराष्ट्रांत एकत्र चालूं लागल्या. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत, करोनाची साथ भरांत असतां, राज्यांतील सर्व रहिवाशांस लाभ देण्याचा निर्णय झाला. त्या वेळचे आरोग्यमंत्री श्री. राजेश टोपे हे आमच्याच जिल्ह्यांतील घनसावंगीचे आमदार होते. नंतर २८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयानें पांच लाखांची मर्यादा सर्व शिधापत्रिकाधारकांस व राज्यांतील रहिवाशांस द्यावयाचें ठरलें, आणि उपचारांची यादी १,३५६ पर्यंत गेली. ऑक्टोबर २०२४ मध्यें सत्तर वर्षें पूर्ण केलेल्या सर्व वृद्धांस केंद्राची योजना उत्पन्नाची अट न ठेवितां खुली झाली.

एवंच, कागदावर पाहतां ‘सर्वांस’ हा शब्द पुरा झाला आहे. आतां त्या शब्दामागील पैशाचा हिशेब पाहूं.

पांच लाखांचा अर्थ

पुष्कळ बंधूंची अशी समजूत आहे कीं, सरकारनें आपल्या नांवें पांच लाख रुपये कोठेंतरी जमा करून ठेविले आहेत. तसें नाहीं. पांच लाख ही मर्यादा आहे, ठेव नव्हे. २०२० सालीं योजना एकत्र झाली तेव्हां विमा कंपनीस सरकारनें द्यावयाचा हप्ता दर कुटुंबामागें दर सालीं ७९७ रुपये होता, व कंपनीची जोखीम कुटुंबामागें दीड लाखापर्यंत होती. त्यावरील खर्च केंद्राच्या यादींतील कुटुंबांसाठीं सरकारच सोशीत असे. हजार उंबऱ्यांचें एक मोठें गांव धरूं. त्या गांवाचा वर्षाचा हप्ता ७ लाख ९७ हजार रुपये झाला. त्यांतून दीड लाखाची पुरी मर्यादा वापरणारीं कुटुंबें फार झालीं तर पांच भागतील. सहाव्याच्या वेळीं त्या गांवाची थैली रिकामी होते व इतर गांवांची उघडावी लागते. म्हणजे हजारांतील नऊशें नव्वदांहून अधिक घरें त्या सालीं निरोगी राहिलीं, अथवा आजारी असून योजनेपर्यंत पोहोंचलीं नाहींत, तरच हा हिशेब जुळतो.

यांत लबाडी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. विम्याचें तत्त्वच तें आहे, व पीकविम्यामुळें आमच्या वाचकांस तें नवीन नाहीं. २०२३ च्या खरिपापासून राज्यांत पीकविमा एका रुपयांत मिळत होता. तेव्हांही खरा हप्ता एक रुपया नव्हता, बाकीचा सरकार भरीत होतें. २०२५ सालीं ती सवलत गेली व शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हां खरिपास शेंकडा दोन झाला, तेव्हां हें सर्वांच्या ध्यानांत आलें. तीच गोष्ट आरोग्याची. रुग्णालयांत आपण पैसे भरले नाहींत याचा अर्थ पैसे लागले नाहींत असा होत नाहीं. ते करांतून गेले, आणि खताच्या पोत्यापासून काड्यापेटीपर्यंत कर आपणच भरतों. म्हणून ते कोठें जातात हें विचारण्याचा आपणांस अधिकार आहे.

पाटाचें पाणी व शेवटचें टोक

जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा आहे. पैठणहून निघून तो आमच्या अंबड, घनसावंगी व परतूर या भागांतून परभणीकडे जातो. कालव्याच्या तोंडाशीं असणाऱ्यास पाणी भरपूर मिळतें आणि शेवटच्या टोकावरील चारीपर्यंत पाळी येईतों हंगाम उलटतो, हा अनुभव सांगण्यास पंडित नको. पाणीपट्टीच्या वहींत दोघांचीही नोंद सारखी असते. हक्क सारखा, पाणी मात्र सारखें नाहीं.

विम्याच्या पैशाचें असेंच आहे. हा पैसा रुग्णाच्या हातांत येत नाहीं, तो रुग्णालयाच्या मागून जातो. आणि हृदयाचें, मेंदूचें, कर्करोगाचें मोठें रुग्णालय शहराच्या मागून जातें. छत्रपती संभाजीनगर, पुणें, नाशिक, मुंबई येथें अशीं रुग्णालयें पुष्कळ. मंठ्यास किंवा जाफराबादेस तीं कशीं असणार? तेव्हां कार्ड सर्वांस सारखें वांटलें तरी पैसा आपोआप तोंडाकडच्या शेतांत जिरतो. मंठ्याच्या बाजूचा रुग्ण संभाजीनगरास न्यावयाचा तर गाडीभाडें, सोबतच्या दोन माणसांची बुडालेली मजुरी, त्यांचें जेवणखाण व मागें गोठ्यांतील जनावरांची व्यवस्था हा खर्च कोणत्याही यादींत नाहीं. योजनेंत रुग्णास घरीं परततांना एकवार एस. टी. चें किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचें भाडें देण्याची तरतूद मूळपासून आहे. परंतु तें परतीचें भाडें झालें. ज्याच्यापाशीं जाण्याचें नाहीं त्यास तें कसें मिळावें? गरीब मनुष्य या पायरीवरच थांबतो, व त्याचा हप्ता जवळ राहणाऱ्याच्या उपयोगीं पडतो.

आतां दुसरी बाजू पाहूं. सरकारी मापाप्रमाणें सपाट प्रदेशांत ५,००० लोकवस्तीस एक उपकेंद्र, ३०,००० स एक प्राथमिक आरोग्य केंद्र व १,२०,००० स एक ग्रामीण रुग्णालय असावें. २०११ च्या खानेसुमारींत आमच्या जिल्ह्याची वस्ती साडेएकोणीस लाखांच्या घरांत होती व त्यांतील शेंकडा ८० लोक खेड्यांत राहत होते. म्हणजे खेड्यांतील वस्ती सुमारें १५ लाख ७० हजार झाली. तीस वरील माप लावितां ३१४ उपकेंद्रें, ५२ प्राथमिक आरोग्य केंद्रें व १३ ग्रामीण रुग्णालयें हा आमचा वांटा होतो. हाही आंकडा जुन्या वस्तीवरचा आहे; २०२१ ची खानेसुमारी पुढें ढकलली गेली व लोक मात्र वाढतच राहिले. आपल्या तालुक्याच्या वस्तीस ३०,००० नें भागून येणारी संख्या व प्रत्यक्ष चालू असलेलीं केंद्रें यांचा ताळा प्रत्येकानें पाहावा. चालू या शब्दावर आमचा भर आहे. इमारत आहे, पाटी आहे, परंतु डॉक्टर आठवड्यांतून दोन दिवस, असें केंद्र पाणी नसलेल्या चारीसारखें आहे.

सुधारणा होत नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत व रुग्णालयांत तपासणी व उपचार विनामूल्य झाले. जालना येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १०० विद्यार्थ्यांच्या प्रवेशासह २०२४-२५ या वर्षीं सुरू झालें. जिल्हा १ मे १९८१ रोजीं निर्माण झाला, तेव्हांपासून त्रेचाळीस वर्षें मोठ्या आजारासाठीं संभाजीनगरच्या घाटीच्या रुग्णालयाकडे डोळे लावून बसणाऱ्या लोकांस ही गोष्ट लहान नाहीं. योजनेंतील कांहीं उपचार शासकीय रुग्णालयांसाठींच राखून ठेविलेले असतात. त्यांचा पैसा सरकारी रुग्णालयास मिळतो, व तेथें यंत्रें, माणसें, स्वच्छता यांवर तो लावितां येतो. म्हणून जिल्ह्यांतील सरकारी रुग्णालय सुसज्ज झालें तर विम्याचा पैसाही जिल्ह्यांतच राहील. कालव्याची उपमा पुढें चालवावयाची तर हें शेवटच्या टोकाशीं तळें बांधण्यासारखें आहे.

गोळी स्वस्त कीं रक्तशुद्धि?

विम्याची योजना मुख्यत्वें रुग्णालयांत दाखल होणाऱ्यांसाठीं आहे. दाखल न होतां जी रोजची औषधें लागतात तीं तींत बसत नाहींत. केंद्राच्या योजनेंत दाखल होण्यापूर्वींचे तीन व घरीं गेल्यानंतरचे पंधरा दिवस इतकाच काळ धरिला आहे. परंतु घराघरांतून पैसा झिरपतो तो मुख्यतः याच रोजच्या औषधांतून व तपासण्यांतून. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणें देशांतील एकूण आरोग्यखर्चांपैकीं लोकांनीं स्वतःच्या खिशांतून केलेला भाग २०१४-१५ सालीं शेंकडा ६२.६ होता, तो २०२१-२२ सालीं ३९.४ वर आला. ही उतरण आनंदाची खरी. तरी शंभरांतील एकोणचाळीस रुपये घरांतूनच जातात हेंही खरें.

रक्तदाब व मधुमेह हे पूर्वीं बैठ्या लोकांचे आजार समजले जात. आतां ते वावरांत राबणाऱ्यांसही होतात. यांची औषधें फार महाग नाहींत, पण तीं रोज व जन्मभर घ्यावीं लागतात. केंद्रांत गोळ्या संपल्या, मोंढ्यांत कापसाचा भाव पडला, कीं पहिली काटछाट या गोळ्यांवर होते. वर्षानुवर्षें असें चाललें म्हणजे मूत्रपिंडें निकामी होतात किंवा अर्धांगवायूचा झटका येतो. मग आठवड्यांतून दोन-तीन वेळां यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावें लागतें, व तेथें मात्र विमा धांवून येतो. ज्या माणसास गोळी देण्यास खजिन्यांत पैसा नव्हता, त्याच माणसाच्या रक्तशुद्धीस कितीतरी पट पैसा निघतो, आणि तो मनुष्य शेतावर परत येत नाहीं तो नाहींच. बांध फुटूं लागला असतां दोन पाट्या माती न टाकणें, व सगळें वावर वाहून गेल्यावर पंचनाम्यास धांवणें, यापैकींच हा प्रकार होय.

म्हणूनच २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणांत असें म्हटलें आहे कीं, आरोग्यावरील सरकारी पैशाचा दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग प्राथमिक उपचारांवर लागावा, व सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा अडीचपर्यंत न्यावा. २०२१-२२ सालीं तो खर्च शेंकडा १.८४ होता. धोरण चांगलें आहे. अंमलाचा हिशेब मागणारे पाहिजेत.

पैसा कशावर मोजावा

दुसरें एक भय आहे. ज्या कामावर मोबदला, तें काम वाढतें, हा मनुष्यस्वभाव आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यांत ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ सालीं राज्यभर गाजला. राज्य सरकारनें समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, व त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. त्यांतील पुष्कळींनीं उचल घेऊन स्वतःच्या पैशानें तें केलें होतें, म्हणून हा दोष विम्याच्या माथीं मारतां येत नाहीं. परंतु त्यावरून धडा घेतां येतो. पैसा घरचा असो कीं सरकारचा, शस्त्रक्रियेवर मिळकत व साध्या औषधावर कांहींच नाहीं असें झालें, म्हणजे सल्ला शस्त्रक्रियेचाच मिळण्याचें भय राहतें. आमच्याही जिल्ह्यांतून हजारों जोडपीं दर वर्षीं ऊसतोडीस जातात. तेव्हां हा विषय परका नव्हे.

तिसरी गोष्ट दप्तराची. आणि तींत आम्हांस थोडें कळतें. देशाच्या महालेखापरीक्षकांचा केंद्रीय योजनेवरील अहवाल ऑगस्ट २०२३ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत एकाच दूरध्वनी क्रमांकास जवळ जवळ साडेसात लाख लाभार्थी जोडलेले आढळले, व तो क्रमांक म्हणजे नुसते दहा नऊ! पूर्वीं कच्चा कारकून वहींत रकाना रिकामा राहूं नये म्हणून ‘सदर’ असें लिहीत सुटे, त्याचीच ही नवी आवृत्ति. हा थट्टेचा विषय नाहीं. ज्या वहींत नांवें खोटीं त्या वहीवरून पैसा वांटला, तर खरा रुग्ण दाराबाहेर राहतो. केंद्राची मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरून केलेली आहे. त्यानंतर भाऊ विभक्त झाले, सुना आल्या, लेकरें जन्मलीं, कोणी कामधंद्यासाठीं पुण्यास गेलें. यादी तेथेंच राहिली. सेवेंत असतांना आम्हीं असे कित्येक लोक पाहिले कीं, रुग्ण रुग्णालयांत खाटेवर व मुलगा कचेरीच्या ओट्यावर, शिधापत्रिकेवरील एका अक्षराची दुरुस्ती करून घेण्यासाठीं बसलेला. अक्षर दुरुस्त होण्यास जो वेळ लागतो तो आजारास ठाऊक नसतो.

इतर देशांतील दाखले

ही अडचण एकट्या आमचीच आहे असें नाहीं. जर्मनींत १८८३ सालीं बिस्मार्कच्या काळीं कामगारांसाठीं आजारपणाचा विमा कायद्यानें सुरू झाला. त्यांत मालक व कामगार दोघेही वर्गणी भरीत. इंग्लंडांत ५ जुलै १९४८ पासून सर्व लोकांस करांच्या पैशांतून विनामूल्य उपचार मिळूं लागले. चष्मे व कवळ्या यांची मागणी अंदाजाबाहेर गेली, आणि १९५१ सालीं त्यांवर आकार बसविण्याची पाळी आली, तेव्हां ती योजना उभी करणारे मंत्री बेव्हन यांनीं राजीनामा दिला. सधन देशासही हात आंखडावा लागला. मग आम्हांस निवड करावी लागते यांत नवल तें काय? आपल्या देशांत सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ सालींच असें सांगून ठेविलें कीं, पैसा नाहीं म्हणून कोणी उपचारावांचून राहूं नये, व या कामाचा पाया खेड्यापासून घातला पाहिजे.

सर्वांत अधिक शिकण्यासारखा दाखला सयामचा, ज्यास आज थायलंड म्हणतात. तेथें २००१ सालीं कांहीं प्रांतांत सुरुवात करून पुढील सालापर्यंत सर्व देशांत योजना नेली. रुग्णानें दर खेपेस ३० बात द्यावे, बाकी सरकारनें द्यावें, असें ठरलें. सरकारनें साध्या उपचारांचा पैसा शस्त्रक्रियेमागें न मोजतां माणशीं मोजला. २००२ सालीं दर माणशीं १,२०२ बात या हिशेबानें त्या त्या भागांतील रुग्णालयास रक्कम मिळाली. लोकांनीं प्रथम तेथें जावें, व जरूर तर तेथून चिठ्ठी घेऊन मोठ्या रुग्णालयांत जावें. त्यामुळें जेथें लोक तेथें पैसा गेला. अर्थात् त्यापूर्वीं कित्येक वर्षें त्यांनीं जिल्ह्याजिल्ह्यांत रुग्णालयें बांधलीं होतीं व नव्या डॉक्टरांस खेड्यांत सेवा करणें भाग पाडलें होतें. नुसत्या कार्डानें तें झालें नाहीं. रक्तशुद्धीचा खर्च झेपत नाहीं म्हणून आरंभीं त्यांनीं ती वगळली, आणि २००८ सालीं घरच्या घरीं पोटांतून करावयाच्या स्वस्त पद्धतीस प्राधान्य देऊन ती आंत घेतली. म्हणजे काय द्यावयाचें व कधीं, हें त्यांनीं उघड ठरविलें.

सहकाराचा दाखला शेजारींच आहे. कर्नाटकांत २००२-०३ सालीं सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठीं ‘यशस्विनी’ योजना निघाली. माणशीं वर्षास ६० रुपये वर्गणी व वर सरकारची मदत, यावर शस्त्रक्रियांचा खर्च चाले. २०१८ सालीं ती सरकारी योजनेंत विलीन झाली, पण लोकांची मागणी राहिली व २०२२ सालीं ती पुन्हां सुरू करावी लागली. वर्गणी देणारा हिशेब विचारतो, आणि हिशेब विचारला जातो म्हणून योजना लोकांची वाटते, हें त्यांतील मर्म होय.

एक आक्षेप

यावर कोणी म्हणेल कीं, सरकारी केंद्रांत डॉक्टर राहत नाहींत, औषध नसतें. मग तेथें अधिक पैसा ओतून काय उपयोग? त्यापेक्षां विम्याचें कार्ड बरें, मनुष्य हवें तेथें जाईल. या आक्षेपांत तथ्य आहे. हृदयाची झडप बदलणें प्राथमिक केंद्रांत होणार नाहीं, आणि ज्या घरावर तो प्रसंग आला त्या घरास विम्यानें उभें केलें आहे. आमच्या परिचयांत अशीं घरें आहेत. विमा बंद करावा असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु ‘हवें तेथें जाईल’ हें ज्याच्याजवळ गाडीभाडें आहे त्याचें बोलणें झालें. साप चावला, बाळंतीण अडली, विषबाधा झाली, तर पहिल्या दोन तासांत जें जवळ असेल तेंच खरें. केंद्र नीट चालत नसेल तर तें नीट चालवावें. चारी फुटली म्हणून कोणी शेत कोरडें ठेवीत नाहीं.

शिवाय विमा हें साधन आहे, साध्य नव्हे, हें सरकारनेंही एका बाबतींत मान्य केलें आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाची शेतकरी अपघात विमा योजना पूर्वीं कंपनीमार्फत चाले. दावे अडकूं लागले, तक्रारी वाढल्या, तेव्हां २०२३ सालीं कंपनी बाजूस सारून तें सरळ सानुग्रह अनुदान करण्यांत आलें. जेथें जें साधन उपयोगी तेथें तें वापरावें, एवढेंच आमचें म्हणणें.

आमच्या सूचना

आमच्या अल्प मतीप्रमाणें पुढील गोष्टी व्हाव्यात. पहिली, विम्याच्या तरतुदींत जेव्हां एक रुपया वाढेल, तेव्हां प्राथमिक केंद्रें, औषधें व परिचारिका यांवर दोन रुपये वाढावेत. दोन तृतीयांशांचें धोरण सरकारचेंच आहे. दुसरी, रक्तदाब, मधुमेह, अपस्मार व मनोविकार यांच्या गोळ्या उपकेंद्रापर्यंत बारा महिने मिळाव्यात, व संपल्यास तें फलकावर लिहिलें जावें. तिसरी, दूरच्या तालुक्यांतील रुग्णास परतीचें भाडें आहे तसें जाण्याचेंही मिळावें. चौथी, कोणत्या तालुक्यांतील किती रुग्णांवर योजनेंत किती रक्कम खर्च झाली, याचें पत्रक दर सालीं जिल्हा परिषदेंत मांडलें जावें. जमाबंदीचा हिशेब गांववार निघतो, तर हा कां निघूं नये?

पांचवी गोष्ट आमच्या हातची आहे. सभासद बंधूंनीं आजाराची वाट न पाहतां आपली शिधापत्रिका व आधार यांवरील नांवें, जन्मसाल व कुटुंबांतील माणसें तपासून घ्यावींत. नवी सून, नवें मूल यांची नोंद पेरणीपूर्वीं करावी. पावसाळ्यांत वेळ मिळत नाहीं. प्रत्येक योजनेंतील रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ या नांवाचा माणूस बसतो. दाखल होतांच प्रथम त्यास गांठावें. जीवावरचा प्रसंग असेल तर रुग्ण आधीं दाखल करावा, कागद मागाहून देतां येतात. योजनेंतील उपचारासाठीं कोणी रोख पैसे मागितल्यास पावती मागावी व १५५३८८ किंवा १४५५५ या विनामूल्य क्रमांकांवर तक्रार नोंदवावी.

आणि एक लहान वही संस्थेनें ठेवावी. गांवोगांवच्या सभासदांनीं वर्षभरांत घरांतील आजारावर स्वतः किती खर्च केला, योजनेंतून किती मिळालें, रुग्ण कोणत्या गांवीं न्यावा लागला व भाडें किती पडलें, हे चार रकाने तींत असावेत. नांव घालण्याची गरज नाहीं, तालुका पुरे. शंभर घरांची अशी नोंद हातांत असली म्हणजे जिल्हा परिषदेच्या सभेंत किंवा पालकमंत्र्यांपुढें आमच्या प्रतिनिधीस तोंडदेखलें भाषण करावें लागणार नाहीं; तो आंकडे ठेवील. सरकारी दप्तरांत आयुष्य काढल्यावर आमची एक खात्री झाली आहे, ती ही कीं, गाऱ्हाण्यास उत्तर देण्याची सवय कचेरीस असते, आंकड्यास उत्तर देतांना मात्र तिला फाइल उघडावी लागते. येत्या मासिक सभेंत या वहीचा ठराव कोणीतरी मांडावा, अशी आमची सर्व बंधुभगिनींस विनंती आहे.